बंड्याचं पथ्य आणि श्रावणातला शिरा

प्रश्न : आमचा बंड्या लॅब्रॅडोर आहे. वय सात, वजन 28 किलो. मागच्या आखाडात घरी मटण झालं तेव्हा धाकट्या दिरांनी त्याला नळी दिली होती. ती त्याने दुपारभर कडाकडा चावली. यंदा उन्हाळ्यात त्याच्या उजव्या डोळ्याखाली सूज आली. आम्हाला वाटलं गांधीलमाशी चावली असेल. गोळ्यांनी सूज उतरली, पण महिन्याभरात परत आली आणि फुटून पू वाहिला. कोल्हापूरला नेल्यावर डॉक्टरांनी एक्स-रे काढला आणि वरची मोठी दाढ चिरलीय, मुळाशी पू आहे, असं सांगितलं. गेल्या शुक्रवारी भूल देऊन दाढ काढली, टाके घातले. सोडताना “दोन आठवडे मऊ खायला द्या” एवढंच सांगितलं. आता मऊ म्हणजे नक्की काय आणि किती? एरवी तो दोन वेळा पाकिटातले कोरडे दाणे खातो. श्रावण लागलाय, घरात अंडंसुद्धा येत नाही. सासूबाई त्याला दूध-भाकरी कुस्करून देतात, ती तो मिटक्या मारत खातो. टाक्यांवर हळद लावू या, असंही त्या म्हणतात. बंड्या तर तिसऱ्याच दिवसापासून दाण्यांच्या डब्यापाशी जाऊन बसतो. एवढा बरा दिसत असताना दोन आठवडे थांबायलाच हवं का? आणि दाढ गेल्यावर पुढे तो चावणार कसा?

— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई, घाईचं होतं तेवढं तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे. पण असा प्रश्न आखाड सरला की हमखास येतो, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

आधी त्या दाढेबद्दल. कुत्र्याच्या वरच्या जबड्यातली ही सगळ्यात मोठी दाढ. तिला तीन मुळं असतात आणि ती डोळ्याच्या बरोबर खाली येतात. म्हणून दुखणं दाताचं असलं तरी सूज डोळ्याखाली दिसते, आणि घरचे लोक डोळ्यात थेंब घालत बसतात. गोळ्यांनी सूज उतरते, कारण पू तेवढ्यापुरता आटतो. चिरलेली दाढ जागेवरच असते, त्यामुळे सूज परत येते. तुमच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढून दाढच काढली हे उत्तम केलं.

अशी दाढ चिमट्याने ओढून निघत नाही. हिरडीला चीर देऊन तिचा पदर बाजूला करतात, मुळांवरचं थोडं हाड घासतात, दाढेचे तुकडे करून एकेक मूळ वेगळं काढतात आणि मग तो पदर परत ओढून खड्ड्यावर शिवतात. टाके विरघळणारे असतात, काढावे लागत नाहीत. आत हाड भरायला काही महिने लागतात, पण वरची हिरडी साधारण दोन आठवड्यांत धरते. तोवर त्या खड्ड्यावर फक्त तो शिवलेला पातळ पदर असतो. डॉक्टरांनी मऊ खाणं सांगितलं ते या पदरासाठी. बंड्या अशक्त आहे, त्याला पचणार नाही, असा त्याचा अर्थ नाही.

इथेच बहुतेक घरांत घोटाळा होतो. मऊ म्हणजे आजाऱ्याचं खाणं, आजारी बरा दिसू लागला की पथ्य संपलं, असा आपला हिशेब. कुत्रा तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बरा दिसतो! सडका दात महिनोन्‌महिने ठणकत होता, तो गेला. वर दुखणं थांबवायचं औषध चालू. मग तो डब्यापाशी बसणारच. टाके ओले आहेत हे त्याला कळत नाही, त्यामुळे तो स्वतःला सांभाळतही नाही. टाका तुटून पदर उघडला, की खड्ड्यात अन्न अडकतं, वास सुटतो, आणि पुन्हा भूल देऊन पुन्हा शिवावं लागतं. म्हणून हे पथ्य बंड्याचं कमी आणि तुमच्या घरातल्या मंडळींचं जास्त आहे. त्याच्या डोळ्यांकडे बघून विरघळायचं नाही. दोन आठवडे म्हणजे दोन आठवडे, आणि तेही डॉक्टरांनी तोंड उघडून बघेपर्यंत.

आता काय द्यायचं. सगळ्यात सोपं आणि मला सगळ्यात पसंत ते म्हणजे त्याचे रोजचेच दाणे, भिजवून. रोज जितके मोजून देता तितकेच कोरडे मोजायचे. पातेल्यात घेऊन दाणे बुडून वर बोटभर येईल इतकं गरम पाणी ओतायचं आणि झाकण ठेवून अर्धा तास विसरून जायचं. मग एक दाणा उचलून चिमटीत दाबा. वरून फुगलेला आणि मऊ दिसतो, पण पुष्कळदा मधोमध कोरडी, पांढुरकी गाठ राहिलेली असते. ती बोटांना लागते. तशी लागली तर आणखी पाणी घाला आणि थांबा. सगळे दाणे हाताने कालवून असा लगदा करा, की बोटांत काहीच टोचणार नाही. पूर्ण निवल्यावर द्या, नुसतं कोमट चालेल. गरम खाणं जखमेवर पडलं की रक्त सुटू शकतं. खोल वाडग्यापेक्षा पसरट ताटली बरी, म्हणजे काठ तोंडाच्या त्या बाजूला लागत नाही.

याचे दोन फायदे आहेत. खाणं तेच राहतं, त्यामुळे पोट बिघडत नाही. भूल आणि अँटिबायोटिक यांनी पोट आधीच हललेलं असतं, त्यात नवे पदार्थ घातले की पातळ शौच ठरलेली. आणि श्रावणाचा प्रश्न आपोआप सुटतो. पाकिटात काय आहे ते पाकिटातच राहतं, तुमच्या ओट्यावर काही येत नाही.

नुसत्या लगद्याला तो नाक मुरडू लागला (लॅब्रॅडोर मुरडेल असं वाटत नाही, पण पोमेरेनियनवाले हे वाचत असतील) तर त्यात चमचा-दोन चमचे दही, वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, किंवा घरी फाडलेलं बिनमिठाचं मऊ पनीर मूठभर घाला. मुगाच्या डाळीची खिचडीही चालते. डाळ आणि तांदूळ सारखे, पाणी भरपूर, शिट्ट्या नेहमीपेक्षा दोन जास्त, आणि मग रवीने घोटलेली. फोडणी नाही, मीठ नाही. कांदा आणि लसूण तर अजिबात नाही, ते कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. साबुदाणा नको, तो टाक्यांना चिकटून बसतो.

पण खिचडीवरच दोन आठवडे काढायचे नाहीत, आणि त्यामागे साधं गणित आहे. 28 किलोच्या, नसबंदी झालेल्या, फार न पळणाऱ्या लॅब्रॅडोरला दिवसाला साधारण 1,200 ते 1,300 कॅलरी लागतात. कोरड्या दाण्यांत 100 ग्रॅमला 350च्या आसपास असतात, म्हणजे 350 ग्रॅम दाण्यांत दिवस भागतो. कच्चे डाळ-तांदूळही कोरडे असताना जवळपास तितकेच देतात, पण शिजून पातळ झाले की पाचपट होतात. मग तेवढ्याच कॅलरींसाठी पावणेदोन किलो खिचडी पोटात जायला हवी. तुम्ही द्याल दोन वाट्या, त्याचं पोट टम्म दिसेल आणि आठवड्याने बरगड्या हाताला लागू लागतील. किंवा उलट, खिचडी, त्यावर दूध, त्यावर तुपाची धार आणि शिवाय नेहमीचे दाणे, असं होऊन तो दोन किलोंनी वाढेल. दाणे हा पाया ठेवा, बाकीचं तोंडीलावणं. दोन वेळांचं खाणं तीन-चार वेळांत वाटून द्या. लगदा फुगलेला असतो, एकदम भरपूर खाल्ला तर उलटून पडतो.

ज्यांच्या कुत्र्याची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांच्यासाठी : त्या रात्री नेहमीच्या पाव किंवा फार तर निम्मं खाणं द्यायचं, तेही पूर्ण शुद्धीवर येऊन नीट उभा राहू लागल्यावर. एखादी उलटी झाली तर घाबरू नका. सामिष घरात उकडलेलं बिनहाडाचं चिकन बारीक करून, किंवा तेल न घालता परतलेलं मऊ अंडं चालतं. चिकनचं पाणी लगद्यात घालायला फार छान, पण बाजारातल्या मसाल्याच्या वड्यांचं सूप नको, त्यात मीठ आणि कांद्याची पूड असते.

आता सासूबाईंची दूध-भाकरी. त्या मायेने देतात आणि तो आवडीने खातो, तेव्हा मी एकदम नाही म्हणत नाही. भाकरी ताजी, मधली मऊ, चांगली भिजून काला झालेली असेल तर टाक्यांना धोका नाही. धोका कडेचा आणि पापुद्र्याचा. ज्वारीची भाकरी तासाभरात कडक होते आणि तिची कड भिजायला वेळ लागतो. दुधाचं म्हणाल तर बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना ते पचत नाही. पण बंड्या आजवर दूध पीत आलाय आणि शौच बांधून होतेय, तर आत्ताच काढून घेऊ नका. शौच पातळ झाली तर दुधाऐवजी ताक किंवा दही. चहात बुडवलेलं बिस्किट मात्र नको. बुडवलं तरी नको.

हळद. सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, की हळद वाईट नाही, बोट वाईट आहे. टाक्यांवर बोट घासलं की नुकता धरू लागलेला पदर सुटतो, आणि पूड टाक्यांच्या फटीत जाऊन बसते. लवंगाचं तेलही नको, त्याने हिरडी भाजते. डॉक्टरांनी तोंड धुवायला क्लोरहेक्सिडिनचं औषध दिलं असेल तर ते गालाच्या कडेने हलकेच सोडायचं, चोळायचं नाही. ब्रश त्या बाजूला डॉक्टरांनी सांगेपर्यंत लावायचाच नाही.

दुखण्याचं औषध खाण्याबरोबर द्या, उपाशीपोटी नको. पनीरच्या गोळीत दडवलं की काम होतं, जबडा फाकवावा लागत नाही. औषध चालू असताना उलट्या होऊ लागल्या किंवा शौच डांबरासारखी काळी झाली तर पुढची मात्रा न देता डॉक्टरांना फोन करा. आणि घरातल्या डब्यातली माणसांची अंगदुखीची गोळी, मग ती आयबुप्रोफेन असो, डायक्लोफेनॅक असो की पॅरासिटामॉल, आपल्या मनाने अर्धीसुद्धा देऊ नका. या गोळ्यांनी पोटात रक्तस्राव झालेले, मूत्रपिंडं आणि यकृत खराब झालेले कुत्रे आमच्याकडे येतात. बहुतेकांना ती गोळी दयेपोटीच दिलेली असते.

तुम्ही तासगावच्या, आणि श्रावण चालू आहे, म्हणून आणखी एक सांगते. तुमच्याकडे बेदाण्याची काय ददात! घरोघर सत्यनारायण, प्रसादाला शिरा. शिरा मऊ असतो. “मऊच तर द्यायचंय” म्हणून कुणीतरी द्रोणातला शिरा बंड्यापुढे ठेवणार आणि त्यात दहा-पंधरा बेदाणे असणार. द्राक्ष, बेदाणा, मनुका यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो आणि दुसरा थोडक्यात जातो, त्यामुळे ‘इतके चालतात’ असा आकडा कुणी देऊ शकत नाही. चुकून खाल्लेच तर उलटी होते का, लघवी होते का, याची वाट बघू नका. पहिल्या तासा-दोन तासांत दवाखान्यात पोचलात तर उलटी करवून काढता येतात. टाके ताजे आहेत हे तिथे आठवणीने सांगा. नारळी पौर्णिमेला खोबऱ्याचा तुकडा आणि करवंटी या दोन गोष्टीही त्याच्या तोंडाबाहेर ठेवा.

तोंडाबाहेर ठेवायच्या वस्तू खाण्याच्याच असतील असं नाही. चप्पल, ओढाओढीची दोरी, बॉल, अंगणातली काठी, सगळं उचलून माळ्यावर. फिरायला साखळीनेच न्या, मोकळा सोडू नका, रस्त्यावर काय उचलेल सांगता येत नाही. तो पंजाने तोंड खाजवत असेल तर गळ्यात प्लास्टिकची कॉलर घाला.

बघायचं काय? पहिले एक-दोन दिवस लाळ गुलाबी येते, ते ठीक. ताजं रक्त ठिबकणं ठीक नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर तोंडाचा वास वाढत गेला, गालाची सूज उतरण्याऐवजी चढली, तो पूर्ण दिवस काहीच खाईना, खाताना एकाच बाजूने मान वाकडी करू लागला, किंवा खाऊन-पिऊन झाल्यावर शिंका येऊन नाकातून पाणी किंवा अन्न आलं, तर तारखेची वाट न बघता दाखवा. नाकातून अन्न येणं म्हणजे तोंड आणि नाक यांच्यामध्ये भोक राहिल्याची खूण. ते वरचा सुळा काढलेल्या कुत्र्यांत जास्त दिसतं.

राहिला शेवटचा प्रश्न. कुत्र्याला एकूण 42 दात असतात, एक गेला. शिवाय गाय-म्हैस रवंथ करते तसा कुत्र्याचा जबडा आडवा फिरत नाही. तो फाडतो, कातरतो आणि गिळतो. बंड्याला पुन्हा दाणे द्याल तेव्हा लक्ष देऊन ऐका, किती दाणे कुडुम वाजतात आणि किती नुसतेच आत जातात! डॉक्टरांनी हिरडी धरली असं सांगितलं, की दोन-तीन दिवस अर्धे भिजवलेले आणि मग पहिल्यासारखे कोरडे. नळी मात्र पुन्हा नाही, शिजलेली नाही आणि कच्चीही नाही. चघळायला काही देताना ते अंगठ्याच्या नखाने दाबून बघा. नख उमटलं नाही तर ते दातापेक्षा कडक आहे. याकच्या दुधाची म्हणून हल्ली दुकानात मिळणारी ती पिवळट कांडी या परीक्षेत नापास होते, मग तिच्यावर कितीही ‘नैसर्गिक’ लिहिलेलं असो. धाकट्या दिरांना हा परिच्छेद वाचून दाखवा.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फाटकाशी राहणाऱ्या कुत्रीला दुचाकीने उडवलं. खालचा जबडा मोडलाय. डॉक्टरांनी तोंडाभोवती चिकटपट्टीचं मुसकं बांधून दिलंय आणि पातळ खाणं द्यायला सांगितलंय. ती माझ्या बाल्कनीत आहे. सिरिंजने घशात सोडलं तर ठसका लागतो. काय करू?

— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : सिरिंज ठेवून द्या. घशात सोडलेलं पातळ अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि तो मोडलेल्या जबड्यापेक्षा वाईट. मुसकं बांधताना पुढच्या दातांमध्ये थोडी फट मुद्दाम ठेवतात. तेवढ्या फटीतून जीभ बाहेर येते आणि कुत्रा चाटून खाऊ शकतो. म्हणून खाणं चाटता येईल असं हवं. भिजवलेले दाणे मिक्सरमधून काढा, पेजेइतकं पातळ करा आणि गाळणीतून गाळा, म्हणजे फटीत काही अडकणार नाही. पसरट ताटलीत द्या. ताटली विटेवर ठेवली तर मान फार वाकवावी लागत नाही. इतकं पातळ खाणं एका वेळी पुरेसं जात नाही, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा. तिला कळेना तर थोडं नाकाच्या शेंड्याला लावा, जीभ आपोआप येईल. जीभच बाहेर येत नसेल तर मुसकं घट्ट झालंय, त्याच दिवशी सैल करून घ्या.

दर खाण्यानंतर ओल्या फडक्याने पट्टी आणि हनुवटी पुसून कोरडी करा. पट्टीखाली ओल राहिली की कातडी सोलवटते आणि दमट हवेत चार दिवसांत वास येतो. जवळ बोथट टोकाची कात्री ठेवा, उलटी होताना दिसली तर पट्टी सरळ कापायची, विचार करत बसायचं नाही. धापा टाकून अंग थंड करणं तिला जमणार नाही, तेव्हा दुपारी बाल्कनीत ऊन येत असेल तर आत घ्या. आठवड्यातून एकदा वजन करा : तिला उचलून स्वतः काट्यावर उभ्या राहा आणि तुमचं वजन वजा करा. उतरत असेल तर डॉक्टरांना अन्ननलिकेत नळी बसवण्याबद्दल विचारा. मानेच्या बाजूने बसवतात, दिसायला भयंकर, पण कुत्र्याला तिचा फारसा त्रास होत नाही आणि जबड्याला पूर्ण विश्रांती मिळते. जबडा जुळायला महिना-दीड महिना लागू शकतो. सोसायटीतल्या मंडळींना सांगा, की फाटकाबाहेर ठेवलेल्या कोरड्या पोळ्या सध्या तिच्यासाठी नाहीत.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या पोमेरेनियनचे एकाच वेळी चौदा दात काढले. आता जन्मभर लगदाच का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. हिरड्या भरून घट्ट झाल्या की बारीक कोरडे दाणे पुष्कळ पोमेरेनियन आरामात खातात, एकही दात नसलेलेसुद्धा. त्याला लगदाच आवडू लागला असेल तर तोही चालेल. फक्त उरलेल्या दातांना रोज मऊ ब्रश हवा, कुत्र्यांसाठीची पेस्ट लावून. माणसांची पेस्ट नको, कुत्रा ती गिळतो, आणि काहींत झायलिटॉल असतं, त्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन उतरते.